लुचियाच्या गळ्यावरचा कवडसा

तेरा डिसेंबरच्या त्या दुपारी मोंतेलुमेच्या देवळात मुंगीला शिरायला वाट नव्हती. आजूबाजूच्या डोंगरांतून माणसं लोटली होती. आंधळी, अर्धवट आंधळी, डोळ्यांत फूल पडलेली, आणि डोळे ठणठणीत असूनही पुढची काळजी करणारी. प्रत्येकाच्या मुठीत मातीची एक कुपी होती आणि सगळ्यांच्या माना वेदीवरच्या सांता लुचियाकडे वळल्या होत्या.

लुचिया ही डोळ्यांची संत. तिच्या सणाला भर मध्यान्ही, मेणबत्त्या विझवलेल्या अंधारात, तिच्या पुतळ्याचा चेहरा एकदम उजळायचा, काचेचे डोळे लखकन चमकायचे आणि त्याच घटकेला पायाशी ठेवलेल्या रांजणातलं तेल औषध व्हायचं. निदान मठाचे मुख्य फ्रा उबाल्दो तसं सांगत.

"बघा रे बघा! पण मनात शंका आणू नका. शंका आली की बुबुळ पांढरं झालंच म्हणून समजा!" फ्रा उबाल्दोंचा आवाज घंटेपेक्षा मोठा होता. "ज्याला गुण आला त्याची श्रद्धा पक्की, ज्याला नाही आला त्याची कच्ची. तेल कधी खोटं नसतं!"

किती सोयीचं औषध! बरे झालात तर श्रेय तेलाचं, आंधळे झालात तर दोष तुमचा.

आज मी हे मोठ्या ठसक्यात सांगतोय, पण तो चमत्कार मीच करत होतो. मी नेरिओ, त्या देवळाचा घंटावाला. आमच्या देवळाचा दरवाजा दक्षिणेला आणि वेदी थेट समोर, उत्तरेच्या भिंतीला. दरवाजाच्या वर घंटेच्या माचीवर भिंतीत नाण्याएवढं भोक होतं. भोकाला लाकडी झडप, झडपेला दोर. शेजारच्या फटीतून आलेलं ऊन चौकटीवरच्या एका खिळ्याला लागलं की दोर ओढायचा. दोन-तीन 'आव्हे मारिया' प्रार्थना म्हणून होईपर्यंत कवडसा लुचियाबाईच्या तोंडावर राहायचा. मग तो बाजूला सरकायला लागला की दोर सोडून द्यायचा. मला हे बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. फ्रा उबाल्दो आणि मी, दोघांनाच ते ठाऊक होतं.

माझ्या बायकोला, ओर्सोलाला, ठाऊक नव्हतं. तिची नजर सात वर्षांपासून जात चालली होती. रोज संध्याकाळी ते तेल मी माझ्या हातानं तिच्या डोळ्यांत घालायचो. ते साधं दिव्याचं तेल आहे हे मला माहीत होतं. पण तिला सांगितलं तर गल्लीत कळेल, आणि गल्लीत कळलं तर फ्रा उबाल्दो माझी जीभ छाटतील. पहिल्या वर्षी भीती एवढीच होती. दुसऱ्या वर्षापासून आणखी एक भीती आली. 'गेल्या वर्षीच का नाही सांगितलंस?' असं तिनं विचारलं तर मी काय बोलणार होतो?

तर त्या दुपारी खिळ्याला ऊन लागलं, मी दोर ओढला आणि कठड्यावरून खाली पाहिलं.

कवडसा डोळ्यांवर नव्हता. अर्धी वीत खाली, गळ्यावर पडला होता. लुचियाला गळ्यात तलवार खुपसून मारलेलं, म्हणून मूर्तिकारानं तिच्या गळ्यावर तांबडी जखम रंगवली होती. ती जखम ओल्या रक्तासारखी चमकत होती आणि वरचे डोळे काळोखात बुडाले होते.

 खाली एक बाई किंचाळली, "रक्त! बाईच्या गळ्यातनं रक्त आलं!"

तुम्ही म्हणाल, दोर तुझ्या हातात, तुला कसली भीती? अहो, खरी भीती मलाच! बाकीच्यांना वाटलं, संत रागावली. मला पक्कं ठाऊक होतं की संत काही करत नाही, करतो तो मी. आणि मी तर काहीच बदललं नव्हतं. भोक तिथंच होतं, पुतळा तिथंच होता. मग उजेड हलवला कुणी? वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या माचीवर गुडघे टेकले आणि लुचियाची माफी मागितली.

फ्रा उबाल्दोंचंही तोंड उतरलं होतं. पण तो गडी पोहणारा. कुठंही टाका, काठाला लागायचा.

"गळा!" ते ओरडले. "बाई गळा मागतेय! या गावात कुणीतरी सूर्याची कुरापत काढलीय. कोण सूर्याला काठ्या लावतं? कोण दोरीनं त्याची सावली मोजतं? पृथ्वी गरगर फिरते म्हणून दारूच्या गुत्त्यात कोण सांगतं?"

नाव घ्यायची गरजच पडली नाही. सगळी तोंडं मागच्या खांबाकडे वळली. तिथं मास्तर तादेओ उभे होते.

मास्तर तादेओ गावच्या पोरांना गणित शिकवायचे. अकरा वर्षं त्यांच्या गच्चीवर एक उंच काठी रोवलेली होती. रोज मध्यान्हीला ते तिची सावली मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचे. सावलीचा असा रोजचा हिशेब त्यांच्याआधी आमच्या मुलखात कुणी ठेवलाच नव्हता. गाव त्यांना 'सावलीचा सावकार' म्हणून चिडवायचं. तेही हसायचे. त्यांचं एकच चुकलं. बाजारात एकदा ते बोलून गेले, "लुचियाचं तेल छान असतं. उकडलेल्या भाजीवर घालावं."

ज्या बायांच्या पोरांना त्यांनी पाढे शिकवले त्याच बायांनी त्यांना केसांना धरून ओढलं. अंधार पडायच्या आत चौकात त्यांच्या अकरा वह्या जळाल्या. मास्तर बघत उभे होते. शेवटची वही पेटली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिच्यात यंदाचे आकडे होते."

बिशपसाहेबांचे कारभारी येईपर्यंत त्यांना मठाच्या तळघरात कोंडलं. त्यांना भाकरी-पाणी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी मी चेस्टनटच्या पिठाची भाकरी घेऊन खाली गेलो तर मास्तर दाराशीच बसले होते. 

"मला शूर-बिर समजू नकोस, नेरिओ," ते म्हणाले. "कडी वाजली की मुतायला होतं मला. बस. एक सांग, लुचियाची म्हण काय आहे?"

"लुचिया आली, दुपारी सांज झाली. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, मास्तर. शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"आणि ऑक्टोबरात तू चार तारखेला झोपलास, तो उठलास कुठल्या तारखेला?"

"पंधराला. पोपसाहेबांनी पंचांगातले दहा दिवस काढून टाकले ना! आमचा कुंभार वान्नी अजून रडतोय, त्याचा दहा तारखेचा वाढदिवसच गेला. म्हणतो, यंदा मी म्हातारा झालोच नाही."

मास्तर हसले. "दिवस पंचांगातून काढले, बाबा. सूर्याला कुणी कळवलं?"

मी भाकरी तशीच हातात धरून उभा राहिलो.

"तारखांनी उडी मारली," मास्तर सांगू लागले. "सूर्य आपल्या जुन्याच चालीनं चाललाय. त्यामुळं लुचियाचा सण यंदा दहा दिवस आधीच आला. हिवाळ्यात सूर्य रोज थोडा थोडा खाली उतरतो. जेवढा तो खाली, तेवढा त्याचा उजेड देवळात लांबवर शिरतो आणि समोरच्या भिंतीवर तेवढा वर चढतो. तेरा तारखेला तो पुरता उतरलाच नव्हता, म्हणून कवडसा गळ्यापर्यंतच पोचला. माझ्या काठीची सावली अजून जवाजवानं वाढतेय. बावीसला ती थांबेल. खरा लहान दिवस तो. त्या दिवशी मध्यान्हीला उजेड डोळ्यांवर येईल."

"म्हणजे... कुणी हलवला नाही?"

"कुणीच नाही."

माझ्या छातीवरची धोंड उतरली. मी मोठ्यानं हसलो. आणि मग कळलं की मास्तर माझ्याकडे टक लावून बघताहेत. ते उजेड म्हणाले होते, चमत्कार म्हणाले नव्हते.

"भोक दरवाजाच्या वर असणार," ते हळूच म्हणाले. "आणि एरवी ते बंद असतं म्हणजे उघडणारा कुणीतरी आहे. कोण ते मी विचारत नाही. मी घाबरलोय, तसा तोही घाबरला असेल."

 भाकरी ठेवली आणि जिना चढून पळालो.

एकोणीस तारखेला कारभारी आले. बारीक, सर्दीनं हैराण झालेले, हातात सतत रुमाल. सगळ्या गावासमोर चौकशी झाली. मास्तरांनी तळघरातलं बोलणंच पुन्हा मांडलं, भोक आणि ते उघडणारा तेवढा वगळून. फ्रा उबाल्दो टपूनच बसले होते.

"ऐका, ऐका! पोपसाहेबांनी सण चुकीच्या दिवशी नेऊन ठेवला, असं म्हणतोय हा!"

 हो म्हटलं तर पोपचे वैरी म्हणून मास्तर मेले असते, नाही म्हटलं तर खोटारडे म्हणून.

"नाही," मास्तर म्हणाले. आवाज कापरा होता. "जुनं पंचांग सूर्याला चुकलं होतं. पोपसाहेबांनी ते दुरुस्त केलं. चुकलीय ती आपली म्हण."

कारभाऱ्यांनी नाक पुसलं. त्यांना मजा वाटली असावी. "बावीसला उजेड डोळ्यांवर पडेल, एवढंच तुझं म्हणणं?"

"हो. एवढंच."

"मग थांबू तीन दिवस. नाही पडला तर तू माझ्याबरोबर रोमला येशील."

रोमला असं नेलेलं माणूस आमच्याकडे कधी परत आलं नव्हतं. मास्तरांना ते माहीत होतं. मलाही.

त्याच संध्याकाळी फ्रा उबाल्दोंनी मला गाठलं. "नेरिओ, बावीसला झडप बंद ठेवायची. हात लुळा पडलाय असं समज."

"पण पाद्रीबाबा, मास्तर..."

"तुला काही झालं तर तुझ्या आंधळ्या बायकोचा हात कोण धरणार रे?" ते अगदी मायेनं म्हणाले. धमकी माणसाला एवढी गोड देता येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी ओर्सोला चुलीपुढं पावट्याचं सार ढवळत होती. वासावरनं, अंदाजानं. तिनं नेहमीसारखं डोकं मागं टाकलं आणि डोळे ताणून धरले. "घाल रे. आणि नेम धर, काल निम्मं कानात गेलं."

मी तेल घातलं.

"पाद्रीबाबा म्हणत होते," ती डोळे मिटून म्हणाली, "मास्तरचा गळा गेला की बाई शांत होईल. मग तेलाला पुन्हा गुण येईल. वाईट वाटतं रे. आपल्या भाचीला त्यानंच बेरीज शिकवली. पण मला तुझं थोबाड एकदा बघायचंय, नेरिओ. किती कुरूप झालास ते तरी कळू दे."

ती हसली. ओर्सोलासारखी बाई, जिनं कधी कोंबडीची मान मुरगाळली नाही, ती माणसाच्या गळ्याबद्दल असं बोलत होती. आणि तिला तिथवर माझ्याच हातानं आणलं होतं. 

बावीस तारीख. कडाक्याची थंडी आणि लख्ख ऊन. तेराला होती त्याच्या दुप्पट गर्दी. कारभारी वेदीशेजारच्या खुर्चीत, हात दोरीनं बांधलेले मास्तर समोर, ओर्सोला भाचीचा हात धरून पहिल्या ओळीत. मी माचीवर. फ्रा उबाल्दोंनी माझ्या दिशेनं बघून दोन्ही तळहात खाली दाबले. बंद.

खिळ्याला ऊन लागलं.

दोर हातात होता आणि हात खरंच लुळा पडला होता. मी मनात म्हणालो, तू काही करत नाहीयेस, नेरिओ. तू फक्त गप्प बसतोयस. सात वर्षं हेच तर म्हणत आलो होतो. खाली अंधुक उजेडात मास्तर मान खाली घालून उभे दिसले.

मी दोर ओढला.

कवडसा सरळ लुचियाच्या डोळ्यांवर! काचेची बुबुळं अशी चमकली की पुढची रांग मागं हटली. "बाई बघतेय! बाई बघतेय!" लोक रडायला लागले. मला वाटलं, संपलं. मास्तर वाचले, आणि मला तोंड उघडावंही लागलं नाही.

पण फ्रा उबाल्दो पुन्हा काठाला लागले. "प्रसन्न झाली! पापी बांधलेला बघून बाई प्रसन्न झाली! आता उशीर नको. न्या त्याला!"

"न्या! न्या!" गर्दी उसळली. दोन-चार जणांनी मास्तरांची मान धरलीसुद्धा. तेव्हा मला कळलं. उजेड गळ्यावर पडो की डोळ्यांवर, मास्तरांचा गळा जाणारच होता. कवडशाचा अर्थ सांगायचा मक्ता जोवर त्या माणसाकडे होता, तोवर खरं-खोटं करायला उजेडाचा उपयोग नव्हता.

मी दोर सोडला. चेहरा विझला. पुन्हा ओढला, पुन्हा पेटला. सोडला, ओढला.

"डोळे मिचकावले!" कुणीतरी ओरडलं आणि सगळी गर्दी धाडकन गुडघ्यांवर बसली.

घ्या! आता काय करायचं या लोकांचं? मी माचीच्या कठड्यावर अर्धा बाहेर वाकलो आणि फुटक्या आवाजात ओरडलो, "अरे, मी आहे! मी! नेरिओ घंटावाला! दोर आहे माझ्या हातात! हे बघा, बंद म्हणतो, बंद. उघड म्हणतो, उघड!"

 कारभारी खुर्चीतनं उठले. त्यांनी मान वर केली आणि रुमालातनंच म्हणाले, "बंद."

मी दोर सोडला. अंधार.

"उघड."

उजेड आला. पण तोवर तो सरकून बाईच्या कानाकडे चालला होता.

"पुन्हा बंद," ते म्हणाले, आणि अंधारात त्यांच्या शिंकेचा आवाज आला. कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. फ्रा उबाल्दो काहीतरी बोलत होते, सैतान, भुलभुलैया वगैरे, पण हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मास्तरांच्या मानेवरचे हात एकेक करून निघाले.

सगळंच गोड झालं असं समजू नका. कारभाऱ्यांनी मास्तरांना सोडलं, पण आठ दिवसांत गाव सोडायला सांगितलं. भोक बुजवलं. मला कामावरून काढलं. फ्रा उबाल्दोंची बदली झाली, याहून मोठ्या देवळात. कित्येकांनी माझ्या दारावर शेण फेकलं. फसवणाऱ्यावर एवढा राग नव्हता, जेवढा फसलात म्हणून सांगणाऱ्यावर होता.

पण हे सगळं नंतर. त्या दुपारी मी माचीवरून उतरलो तेव्हा ओर्सोला पायरीशी उभी होती. मी हात पुढं केला. तिनं धरला नाही.

"तूच ओढायचास?"

"हो."

"सगळी वर्षं?"

"हो."

"आणि तेल?"

"दिव्याचं. साधं."

 "तू स्वतः घालायचास रे. रोज."

"भीती वाटायची, ओर्सोला."

"कुणाची?"

फ्रा उबाल्दोंचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. पण ते खोटं झालं असतं. "तुझी," मी म्हणालो. "तू हेच विचारशील याची."

ती एकटीच, भिंती चाचपत घरी गेली.

जाण्याआधी मास्तर आमच्याकडे आले. त्यांनी तिला उन्हात बसवून दोन्ही डोळे पाहिले. ते वैद्य नव्हते, पण शहरातल्या एका वैद्याला ओळखत होते, डोळ्यातला पडदा सुईनं बाजूला करणाऱ्या. त्यांच्या खेचरावर बसून ओर्सोला त्यांच्याबरोबर शहरात गेली. महिन्याभरानं परत आली तेव्हा उजव्या डोळ्यानं तिला माणूस ओळखता येत होतं. डाव्याचं काही होण्यासारखं नव्हतं. वैद्य म्हणाला होता, पाच-सहा वर्षं आधी आणलं असतं तर दोन्ही वाचले असते.

तिनं मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. मास्तरांनी नव्या गावात नवी काठी रोवली आणि पहिल्या आकड्यापासून पुन्हा सुरुवात केली, एवढं कानावर आलं.

गावात पुढंही चमत्कार झाले. कुठं झऱ्याला गुण आला, कुठं संताच्या हाडाला. चमत्काराच्या जागी बाया कुप्या घेऊन जायला लागल्या की ओर्सोला दारात बसून त्यांना अडवायची. त्या सांगायच्या, अमक्याला गुण आला, तमक्याला दिसायला लागलं. ती विचारायची, "तू बघितलंस? त्याला आधी काय दिसत होतं? किती दिवसांनी विचारलंस? आणि ज्यांना गुण नाही आला ते किती, ते कुणी मोजलं का?" बाया चिडायच्या. म्हणायच्या, "पाहू तर खरं, पुढच्या सणापर्यंत थांबून."

तेव्हा ती एका डोळ्यानं त्यांच्याकडे नीट बघून म्हणायची, "थांबू नकोस, बाई. वैद्याकडे जा. आज जा."